तुटलेला एक्सल आणि त्याचा खरा हिशेब

या पानावर आपण बहुधा बाजारभाव, उधारी आणि कर यांविषयी वाचत असतो. आज आम्ही एका लोखंडी दांड्याविषयी लिहिणार आहोत. हा दांडा टेम्पोच्या मागच्या चाकाला फिरवतो, कधी डोळ्यांना दिसत नाही, आणि ज्या दिवशी तुटतो त्या दिवशी मालवाला, गाडीवाला आणि कारखानदार तिघांचीही वही बिघडवतो. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, आयुष्य कापडात गेले. गाडीचे शास्त्र आम्ही शिकलो ते एका गॅरेजच्या बाकावर बसून, आणि त्याची फी भरून. तो धडा इतरांना फुकट मिळावा म्हणून हे लिहीत आहोत.

प्रसंग काय घडला

मरोळ, साकीनाका या पट्ट्यात शिलाईचे लहान कारखाने गल्लीगल्लीत आहेत. त्यांना लागणारे कापड बरेचसे भिवंडीहून येते. आमचाही तोच धंदा. भिवंडीच्या मागावरून निघालेले कापड अंजूरफाटा, कशेळीचा पूल, ठाणे, पूर्व द्रुतगती मार्ग आणि मग घाटकोपर, असल्फावरून साकीनाका अशा वाटेने मरोळला आणायचे आणि कारखान्यांना पुरवायचे. यासाठी आम्ही मरोळच्याच एका तरुणाचा छोटा चारचाकी टेम्पो भाड्याने घेत होतो. गाडी त्याची स्वतःची, हप्ते चालू, वय सहा वर्षे. मुलगा मेहनती, आम्हाला 'चाचा' म्हणणारा.

मार्च २०२३ ची गोष्ट. रमजान तोंडावर आला होता आणि ईदचा माल कारखान्यात कापायला पडायचा होता. आम्ही भिवंडीत बहात्तर तागे भरायला लावले. मुलगा म्हणाला, "चाचा, आज जरा जास्त होतंय. पाटे बसलेत बघा." आम्ही म्हणालो, "अरे, अर्धी गाडी रिकामी दिसतेय. नेहमीचंच तर आहे. चल." तो गप्प बसला. भाडे देणाऱ्यापुढे गाडीवाला बहुधा गप्पच बसतो, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

साकीनाक्याच्या अलीकडे गर्दीत गाडी रांगत असताना मागून 'टण्' असा आवाज झाला. इंजिन चालू, गिअर पडलेला, पण गाडी पुढे जाईना. खाली उतरून पाहिले तर मागचे डावे चाक ड्रमसकट बाहेरच्या बाजूला कलंडलेले. अल्लाहची मेहेरबानी की गाडी चालण्याच्या वेगाने जात होती. हेच चाक पाऊण तास आधी कशेळीच्या पुलावर निघाले असते तर हा लेख लिहिण्याऐवजी आम्ही कुणाच्या तरी घरी तोंड लपवून बसलो असतो.

एक्सल म्हणजे काय

आपल्या वाडवडिलांच्या बैलगाडीलाही एक्सल होता. त्याला 'आस' म्हणत. ती लोखंडी आस स्थिर राही आणि चाके तिच्यावर फिरत. गाडीवान वंगण घाली ते याच जागी. मोटारगाडीत मात्र आस स्वतः फिरते. इंजिनाची ताकद लांब शाफ्टने मागे येते, मधल्या गोल पेटीत म्हणजे डिफरन्शियलमध्ये वळते, आणि तेथून डाव्या व उजव्या चाकापर्यंत दोन पोलादी दांडे जातात. हे दोन दांडे म्हणजे एक्सल शाफ्ट. ज्या जाड नळीत ते बसवलेले असतात ती एक्सलची हाउसिंग.

आता एक फरक नीट समजून घ्यावा, कारण खर्च आणि जीव दोन्ही यावर अवलंबून आहेत. मोठ्या ट्रकमध्ये गाडीचे वजन हाउसिंगवर बसवलेल्या हबच्या बेअरिंगवर पडते. शाफ्टचे काम फक्त फिरवणे. असा शाफ्ट तुटला तर गाडी थांबते, पण चाक जागेवर राहते, आणि चाक न काढताही शाफ्ट बाहेर ओढता येतो. लहान टेम्पो, जीप, पिकअप यांत बहुधा दुसरी रचना असते. तिथे चाक थेट शाफ्टच्या टोकाला बसवलेले असते, म्हणून शाफ्टला फिरवण्याबरोबर वजनही उचलावे लागते. असा शाफ्ट टोकाजवळ तुटला तर चाकच निघून जाऊ शकते. आमच्या बाबतीत तेच झाले.

दांडा एका दिवसात तुटत नाही

गॅरेजमध्ये उस्तादांनी तुटलेला तुकडा कपड्याने पुसला आणि आमच्या हातात दिला. "सेठ, हे बघा. हा आज तुटलेला नाही."

आमच्या खिशात धागे मोजायचे भिंग नेहमी असते. ते लावून पाहिले. तुटलेल्या तोंडाचा मोठा भाग काळसर आणि घासून गुळगुळीत झालेला होता, त्यावर झाडाच्या खोडावर असतात तशा बारीक कमानीच्या रेषा होत्या. उरलेला थोडा भाग ताजा, चमकदार आणि साखरेसारखा दाणेदार. उस्तादांनी अर्थ सांगितला. गुळगुळीत भाग म्हणजे जुनी चीर. ती महिनोन्महिने हळूहळू आत सरकत होती आणि तिच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घासत होत्या. दाणेदार भाग म्हणजे शेवटपर्यंत तग धरून राहिलेले पोलाद. ते आज एकदम तुटले. क्लच झटक्याने सोडून किंवा चिखलात अडकलेले चाक जोरात फिरवून एका दणक्यात तुटलेल्या दांड्यावर अशा रेषा दिसत नाहीत. तो पिळवटल्यासारखा तुटतो.

हे ज्ञान नवे नाही. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा एक्सल तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. चांगले मजबूत लोखंड असे अचानक का तुटते, हा प्रश्न तेव्हा सर्वांना पडला. पुढच्याच वर्षी रँकिन या स्कॉटिश अभियंत्याने दाखवले की चीर एक्सलच्या कोपऱ्यापासून सुरू होऊन हळूहळू आत वाढते. त्यानंतर जर्मनीचा रेल्वे अभियंता ऑगस्ट व्योलर याने १८५० व १८६० च्या दशकांत एक्सल फिरवून फिरवून प्रयोग केले. त्याला आढळले की एका वेळी सहज पेलणारे वजनसुद्धा लाखो वेळा उलटसुलट पडले तर पोलाद तुटते. मात्र वजन एका मर्यादेच्या खाली ठेवले तर तेच पोलाद जवळजवळ कायम टिकते.

कापडवाल्यांना ही गोष्ट चटकन समजेल. साडी रोज त्याच घडीवर घडी करून ठेवली तर ती घडीवरच विरते. हाताने ओढून न फाटणारे कापड घडीवर आपोआप फाटते. एक्सलचेही तसेच आहे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात दांड्याचा वरचा भाग खाली आणि खालचा वर येतो, म्हणजे दर फेऱ्याला त्याची एक 'घडी' पडते. छोट्या टेम्पोचे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ६०० वेळा फिरते. भिवंडी ते मरोळ ३५ किलोमीटर धरले तर एका खेपेला २१ हजार फेरे झाले. महिन्यातून दोनदा अशी जड खेप आम्ही वर्षभर आणली. चोवीस खेपांचे पाच लाखांहून अधिक फेरे होतात. म्हणजे तो दांडा साकीनाक्याला तुटला खरा, पण तो आम्ही वर्षभर तोडत होतो.

वजनाचा हिशेब, जो आम्ही केलाच नव्हता

कापड हा फसवा माल आहे. प्लास्टिकचे डबे किंवा खोकी भरली तर गाडी आधी जागेने भरते. कापड भरले तर गाडी आधी वजनाने भरते, आणि डोळ्यांना अर्धी रिकामी दिसते. आमची गल्लत इथेच झाली.

आता हिशेब पहा. आमचे कापड १२० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचे, पन्हा ४८ इंच, म्हणजे १.२२ मीटर. एका मीटर लांबीचे वजन सुमारे १४६ ग्रॅम. शंभर मीटरच्या ताग्याचे १४.६ किलो. बहात्तर ताग्यांचे १,०५१ किलो.

गाडीच्या आरसी बुकात दोन आकडे असतात. एक रिकाम्या गाडीचे वजन, दुसरा भरलेल्या गाडीचे कमाल वजन. त्या टेम्पोचे रिकामे वजन ८०० किलो आणि कमाल १,५५० किलो. वजाबाकी ७५० किलो. अनेकांना वाटते की हे सगळे मालासाठी आहे. तसे नाही. चालक आणि हमाल यांचे वजनही यातच मोडते. दोन माणसांचे १३० किलो काढले की मालाला उरतात ६२० किलो. म्हणजे त्या टेम्पोत आमचे बेचाळीस तागेच भरायला हवे होते. आम्ही भरले बहात्तर.

प्रत्येक व्यापाऱ्याने आपल्या मालाचा असा हिशेब एकदाच करून दुकानाच्या भिंतीवर लावून ठेवावा: अमुक कापडाच्या एका ताग्याचे वजन इतके, अमुक गाडीत इतके तागे. शर्टिंगचा आकडा वेगळा येईल, डेनिमचा वेगळा, दुपट्ट्याच्या पातळ कापडाचा वेगळा. वजन माहीत नसेल तर एक मीटर कापून काट्यावर ठेवावे. पाच मिनिटांचे काम आहे.

बिल किती झाले

आता मूळ प्रश्न. एक्सल बदलायला किती खर्च येतो? बाजारात विचारले तर माणूस शाफ्टची किंमत सांगतो. ती खर्चाची फक्त सुरुवात असते. त्या वेळचे आमचे आकडे असे होते:

नवा एक्सल शाफ्ट: ४,१०० रुपये
बेअरिंग आणि ऑइल सील: १,३५०
गिअर ऑइल: ६५०
तेलाने भिजलेले ब्रेक लायनर: ९००
चाक कलंडल्यामुळे खराब झालेला ड्रम: १,७००
मजुरी: २,५००
गॅरेजचे एकूण: ११,२०० रुपये

याशिवाय गाडी उचलून नेण्याचे २,५००. भर रस्त्यात माल दुसऱ्या टेम्पोत भरण्याची हमाली आणि भाडे २,२००. गाडी चार दिवस उभी राहिली, त्यात मुलाची दिवसाला १,२०० रुपयांप्रमाणे ४,८०० ची कमाई बुडाली, हप्ता मात्र थांबला नाही. आमच्या बाजूला माल कारखान्यात उशिरा पोहोचला, कारागीर बसून राहिले आणि एका गिऱ्हाईकाला ६,००० रुपये सोडावे लागले. सगळे मिळून २६,७०० रुपये. शाफ्ट ४,१०० चा, नुकसान त्याच्या साडेसहा पट.

हे आकडे एका छोट्या टेम्पोचे, एका प्रसंगाचे आहेत. गाडी मोठी असेल तर रक्कम वाढेल, आणि भाव गावोगावी बदलतात. पण खर्चाची ही यादी कुठल्याही गाडीला लागू पडते. गॅरेजवाला अंदाज सांगेल तेव्हा यातील प्रत्येक ओळ विचारून घ्यावी. आमचे नशीब थोडे बरे होते. तुटका दांडा बाहेरच्या टोकाला तुटला होता. आतल्या टोकाला तुटला असता तर तुकडे डिफरन्शियलच्या दात्यांत जाऊन क्राउन आणि पिनियनही गेले असते, आणि मग बिल कित्येक पटींनी वाढले असते. म्हणून आतून तुटलेल्या एक्सलमध्ये नवा शाफ्ट घालण्याआधी पेटी उघडून, तेल काढून, आतले कण पूर्ण धुतले आहेत की नाही हे समोर उभे राहून पाहावे.

नवा, जुना की वेल्डिंग?

पैसे कमी असले की तीन सल्ले मिळतात. त्यांचा क्रमाने विचार करू.

*वेल्डिंग.* तुटलेला शाफ्ट वेल्डिंग करून खरादावर घासून देतो, असे सांगणारा भेटतोच. हे कदापि करू नये. एक्सलचे पोलाद उष्णता देऊन आणि ठरावीक रीतीने थंड करून कडक केलेले असते. वेल्डिंगच्या आचेने ती मेहनत त्या जागी नाहीशी होते आणि सांध्याच्या शेजारीच नवी चीर जन्माला येते. वरून दांडा अखंड दिसतो, आणि हाच धोका आहे. हाउसिंगच्या नळीला बारीक तडा असेल तर जाणकार माणूस कधीकधी वेल्डिंग करतो, पण नळी वाकडी झाली नाही ना, हे मोजल्याशिवाय ते कामही स्वीकारू नये.

*जुना भाग.* कुर्ल्याच्या बाजारात मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग मिळतात आणि अनेक टेम्पोवाल्यांचा संसार त्यावर चालतो. जुना घ्यायला हरकत नाही, पण पारख हवी. पहिली गोष्ट, तुटलेला तुकडा बरोबर न्यावा. डावा आणि उजवा शाफ्ट पुष्कळ गाड्यांत लांबीने वेगळा असतो. टोकावरचे दाते मोजावेत. एकाचा फरक असला तरी तो आपल्या कामाचा नाही. दात्यांच्या कडा झिजून पायरी पडली असेल तर सोडून द्यावा. दुसरी गोष्ट, दांडा सरळ आहे का हे खरादावर फिरवून पाहावे. तिसरी गोष्ट, चीर शोधण्याची जुनी युक्ती. दांडा रॉकेलने भिजवावा, थोडा वेळ ठेवून कोरडा पुसावा आणि वरून खडू फासावा. चीर असेल तर आत शिरलेले रॉकेल खडूवर ओली रेघ उमटवते. आणि संपूर्ण मागचा एक्सल पेटीसकट बदलत असाल तर आतल्या दात्यांचे प्रमाण मूळ गाडीइतकेच आहे याची खात्री करावी. प्रमाण चुकले तर गाडी चढाला दमते किंवा सपाटीला इंजिन विनाकारण ओरडते.

*नवा भाग.* ज्या गाडीत शाफ्ट वजन उचलतो, तिथे आमच्या मते नवाच घ्यावा. जुन्यात वाचणारे दोन हजार रुपये चाक निघण्याच्या भीतीपुढे काहीच नाहीत. त्याबरोबर बेअरिंग आणि सीलही नवे घालावे, आणि दुसऱ्या बाजूचा शाफ्ट काढून तपासावा. डाव्याने जे वजन सोसले तेच उजव्यानेही सोसले आहे.

जी गाडी अजून तुटलेली नाही, तिच्या मालकाने चार खुणा लक्षात ठेवाव्यात. मागून वेगाबरोबर वाढणारी घरघर. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ड्रमवर तेलाचा ओघळ. गाडी उचलल्यावर हाताने हलणारे चाक. आणि गाडी सुटताना मागे येणारा 'टक' आवाज. यांपैकी एकही दिसली तर त्याच आठवड्यात गॅरेज गाठावे. बेअरिंगच्या खर्चात काम भागते.

विमा, कायदा आणि कर

मुलाकडे फक्त थर्ड पार्टी विमा होता. तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो, स्वतःच्या गाडीसाठी नव्हे. पण संपूर्ण विमा असता तरी हे पैसे मिळाले नसते. आपल्या देशातील मोटार विम्याच्या नेहमीच्या अटींत झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. टक्कर होऊन एक्सल वाकला किंवा तुटला तर भरपाई मिळते, पण तीही कापून. सहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर नेहमीच्या तक्त्याप्रमाणे ४० टक्के घसारा कापला जातो, दहा वर्षांवरील गाडीला ५० टक्के. घसारा न कापणारी जोड घेतली असेल तर गोष्ट वेगळी.

कायद्याची बाजू याहून महत्त्वाची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आहे. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्चही भरावा लागतो. आणि हे कलम गाडी चालवणाऱ्यापुरते नाही. जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो तोही त्यात येतो. "गाडी माझी नाही" असे म्हणून व्यापारी सुटत नाही.

काही जण म्हणतात, सरकारनेच वजनाची मर्यादा वाढवली आहे. २०१८ साली केंद्राने ती वाढवली हे खरे. चार टायरच्या एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. पण ती मोठ्या ट्रकची गोष्ट आहे. आपल्या टेम्पोला त्याच्या आरसी बुकातला आकडाच लागू असतो. सरकारी कागदाने पोलाद जाड होत नाही.

कराविषयी थोडे. गाडी पेढीच्या नावावर असेल, पेढी जीएसटीत नेहमीच्या पद्धतीने नोंदलेली असेल आणि गाडी मालवाहू असेल, तर दुरुस्तीच्या बिलावरील कराची वजावट मिळते. त्यासाठी बिल पेढीच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह हवे. कंपोझिशन योजनेत असणाऱ्यांना ही वजावट नाही. २०२३ मध्ये एक्सलवर २८ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर १८ टक्के दर झाला. करापूर्वीची किंमत तीच धरली तर आमचा ४,१०० चा शाफ्ट या दराने सुमारे ३,७८० ला पडला असता. दुकानदार जुन्या टक्क्याने बिल करीत नाही ना, एवढे पाहावे.

खर्च कोणी सोसायचा?

आता तो भाग, ज्यासाठी खरे तर हा लेख लिहायला बसलो. गॅरेजमध्ये मुलाने विचारले, "चाचा, काय करायचं?" आमच्या तोंडून निघून गेले, "गाडी तुझी, दुरुस्ती तुझी." बाजाराचा रिवाज हाच आहे. तो काही बोलला नाही. नंतर उस्तादांनी तो तुकडा हातात दिला, आणि रात्री आम्ही वही काढून बसलो.

छोट्या टेम्पोचे भाडे खेपेला १,८०० रुपये होते. बहात्तर तागे कायदेशीर वजनात नेणारी मोठी पिकअप २,६०० ला मिळत होती. म्हणजे दर खेपेला आम्ही ८०० वाचवत होतो. वर्षाच्या चोवीस खेपांचे १९,२०० रुपये. आम्ही याला हुशारी समजत होतो. एका दुपारचे नुकसान २६,७०० झाले. म्हणजे सर्वांचा मिळून हिशेब केला तर साडेसात हजारांचा तोटा. पण हा तोटा आम्हाला वर्षभर दिसलाच नाही. का? कारण १९,२०० ची बचत आमच्या वहीत होती, आणि २६,७०० पैकी २०,७०० चा बोजा त्या मुलाच्या वहीत जाणार होता, जो वही ठेवतच नाही. त्याच्या दांड्याची आयुष्यरेषा कापून आम्ही आमचा नफा लिहीत होतो.

भरताना तो नको म्हणाला होता, ही गोष्टही आम्हाला माहीत होती आणि त्यालाही माहीत होती. त्या दोघांशिवाय तिसरा साक्षीदार कुणी नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी उचलण्याचे आणि माल हलवण्याचे ४,७०० आणि गॅरेजच्या बिलातील निम्मे ५,६०० असे १०,३०० रुपये दिले. हे दान नव्हते, कर्ज फेडणे होते. खरे सांगायचे तर त्याचे चार दिवसांचे ४,८०० ही आम्हीच द्यायला हवे होते. तेव्हा मन तेवढे मोठे झाले नाही. पुढे त्याच्या हलक्या खेपांचे भाडे वेळेवर आणि रोख देऊन ती कसर भरून काढण्याचा प्रयत्न केला. मुलगा अजून आमचा माल आणतो. भरताना तोच तागे मोजतो, आणि बेचाळीस झाले की फळी लावतो. आम्ही मध्ये बोलत नाही.

शेवटी, ध्यानात ठेवण्याजोगे

१. आपल्या मालाचे एका ताग्याचे, गोणीचे किंवा खोक्याचे वजन काढून ठेवावे, आणि भाड्याच्या गाडीचे आरसी बुक एकदा पाहून त्यात किती नग बसतात ते लिहून ठेवावे.

२. माल जास्त असेल तर मोठी गाडी घ्यावी. भाड्यातील फरक हा खर्च समजावा, नुकसान समजू नये.

३. नेहमीच्या गाडीवाल्याशी आधीच बोलून ठरवावे: ठरलेल्या वजनात गाडी बिघडली तर खर्च त्याचा, आपल्या सांगण्यावरून जादा वजन भरले आणि बिघडली तर खर्च आपला. चार ओळी कागदावर लिहून दोघांनी सही करावी.

४. गाडीवाला "जास्त होतंय" म्हणाला की तिथेच थांबावे. आवाज आधी त्याला ऐकू येतो, कारण गाडी तो चालवतो.

५. तुटलेला भाग फेकू नये. तुकड्याचे तोंड पाहिले की दोष कालचा आहे की वर्षाचा, हे कळते.

आमचा तो तुकडा आजही दुकानात गल्ल्याशेजारी ठेवला आहे. कागद उडू नयेत म्हणून त्याचा उपयोग होतो. नवे गिऱ्हाईक विचारते, "हे काय?" आम्ही भिंग त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "आधी रेषा मोजा. मग भावाचं बोलू."